आईचं कपाळ, काकीचा हात

महाडच्या बाजारपेठेत, चवदार तळ्याकडून आत वळलं की आमचं कटलरीचं दुकान लागतं. बांगड्या, रिबिनी, नेलपॉलिश, आणि काउंटरच्या काचेखाली टिकल्यांची पाकिटं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी या काउंटरमागे उभी राहते, त्यामुळे बाई दुकानात शिरली की माझं लक्ष आधी तिच्या कपाळाकडे जातं. नव्या नवऱ्या खड्यांच्या टिकल्या मागतात. नोकरीवाल्या बायकांना मरून रंगाची हवी असते, बारीक. कॉलेजच्या मुली जीन्सवरही चालेल असा काळा ठिपका नेतात. आणि वर्षानुवर्षं लाल, मोठी टिकली नेणारी एखादी बाई काही महिने दिसत नाही, मग एक दिवस येते, इकडेतिकडे बघते आणि हळूच म्हणते, "काळी दे, अगदी बारकी." मी काही विचारत नाही. पाकीट कागदात गुंडाळून देते.

माझ्या माहेरी टिकली उशिरा आली. आमची वाडी कापड्याच्या पुढे, पोलादपूर तालुक्यात. भाताची शेती, दोन म्हशी, आणि एका छपराखाली दोन भावांचे संसार. आई थोरली सून, काकी धाकटी. दोघी एका वर्षाच्या अंतराने त्या घरात आल्या, वयानेही सारख्याच, म्हणून नातं मोठ्या-धाकट्या जावांचं असलं तरी बोलणं अगंतुगंचं. काकी आईला "बाय" म्हणायची. चूल एक, आरसा एक, कुंकवाचा करंडाही एकच.

सकाळी म्हशींचं आटपलं, अंघोळी झाल्या की दोघी पडवीत येत. आधी मेणाचं बोट कपाळावर टेकवायचं, मग त्यावर कुंकू. आईला आरशात बघायचा कंटाळा. ती अंदाजाने बोट टेकवायची, आणि ते हमखास डावीकडे सरकायचं. काकी म्हणायची, "थांब गो बाय, भिवईकडं चाललंय तुजं." मग आई डोळे मिटून हनुवटी वर करायची आणि काकी पदराच्या टोकाने कडा पुसून, पुन्हा मेण लावून, नीट गोल कुंकू रेखायची. पुढे पुढे आईने स्वतः लावणंच सोडून दिलं. काकीची अंघोळ व्हायची असली तर आई उघड्या कपाळाने चुलीपुढे बसायची नाही, आधी म्हशींकडे जायची, काकी येईपर्यंत तिथेच काहीबाही करत राहायची.

कुंकवाला घरात फार मान. दारात आलेल्या बाईला ते लावल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. करंड्यातलं कुंकू संपलं तर "संपलं" म्हणायचं नाही, "वाढलं" म्हणायचं. बांगडी फुटली तरी ती वाढली. मी लहान असताना एकदा मोठ्याने ओरडले, "काकी, कुंकू संपलं!" तर काकीने लाटणं टाकलं आणि पिठाचा हात माझ्या तोंडावर ठेवला. त्याच दिवशी मी तिला विचारलं होतं की हे लावायचं कशाला.

"नवऱ्याला आयुष्य मिलावं म्हनून," काकी म्हणाली.

आई चुलीपुढून बोलली, "देवीचं हाय ते. पोरीबाली बी लावतात. त्यास्नी कुठं नवरा असतो?"

दोघी हसल्या आणि विषय तिथेच राहिला. मला दोन्ही उत्तरं खरी वाटली होती.

मी दहावीत होते त्या वर्षी, भाताची झोडणी चालली असताना, वडिलांच्या छातीत कळ आली. काकाने त्यांना जीपमध्ये घालून महाडला नेलं. दुपारी तीच जीप परत आली आणि वाडीच्या तोंडाशी थांबली. काका खाली उतरला, पण कुणाशी बोलला नाही. त्यावरून आम्हाला कळलं.

वडिलांना अंगणात ठेवलं होतं. आत पडवीत बायकांनी आईला मधे बसवलं. रीत अशी की सवाष्णीने शेवटचं म्हणून कपाळभर कुंकू भरायचं, हिरव्या बांगड्या घालायच्या, आणि मग एखाद्या विधवा बाईने ते सगळं उतरवायचं. कुंकू काकीने भरलं. मेण लावून भरलं, रोजच्यासारखं, फक्त खूप मोठं. काकीचा हात हलला नाही. मग भावकीतली एक म्हातारी पुढे झाली. तिचा नवरा कधीच गेला होता आणि वाडीतल्या प्रत्येक मयताला हे काम तीच करायची. तिने आईच्या कपाळाकडे हात नेला आणि आईने तो झटकला.

"हात लावू नको मला."

म्हातारीने पुन्हा प्रयत्न केला. आईने पुन्हा झटकला. बांगड्या खळकन वाजल्या. बाहेरून पुरुष हाका मारत होते, उन्हं कलायला लागली होती. म्हातारी वळून काकीला म्हणाली, "तुजं ऐकंल ती. तूच पूस."

"माज्यानं व्हायचं नाय," काकी म्हणाली.

"मंग काय त्याला तसाच दारात ठेवायचा?"

काकीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खांबाला धरून उभी होते. मग ती आईसमोर गुडघ्यांवर बसली. आईने तिच्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि हनुवटी वर केली. रोज सकाळी करायची तशीच.

पडवीत एका बाईने तोंडात पदर कोंबला. काकीने पदराचं टोक हातात घेतलं आणि पुसलं. खाली मेण होतं, एका पुसण्यात गेलं नाही. तिला दोनदा, तीनदा पुसावं लागलं. आईने डोळे उघडले नाहीत.

त्यानंतर काकी सकाळची पडवीत थांबेनाशी झाली. करंडा तिने आपल्या खोलीत नेला. तो बिचारीने कदाचित आईला दिसू नये म्हणूनच नेला असेल, पण आईला रिकामा कोनाडा दिसलाच. आई म्हशींचं करून यायची, चुलीपुढे बसायची. काकी तिच्याशी बोलायची, वाढायची, आजारपणात पाय चेपायची, पण तिच्या तोंडाकडे बघायची नाही. चुलीकडे बघून बोलायची, ताटाकडे बघून बोलायची. मला वाटायचं, थोड्या दिवसांत सरळ होईल.

वरच्या डोंगरातल्या वाडीवरून एक बाई तूप घेऊन यायची. तिच्या कपाळावर लहानपणीच गोंदलेलं होतं, भुवयांच्या मधे हिरवा ठिपका. तिचा नवराही गेलेला. वडील गेल्यावर ती पहिल्यांदा आली तेव्हा आईसमोर उकिडवी बसली आणि आपलं कपाळ बोटाने ठोकून म्हणाली, "माजं पुसाया आल्या व्हत्या गो बाया. घासघास घासलं. जातंय कुठं!" आणि ती हसली. आईही हसली. वडील गेल्यानंतर आईला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. काकी मागच्या दारात उभी होती. ती हसली नाही. आत निघून गेली.

वर्षभराने चुली वेगळ्या झाल्या. भांडण झालं नाही. काकीच काकाला म्हणाली की आपण पलीकडच्या बाजूला चूल मांडू, आणि मधे कुडाची, काठ्या-शेणाची पातळ भिंत आली. आईने विचारलं नाही, काकीने सांगितलं नाही.

माझं लग्न ठरलं ते महाडच्या या दुकानवाल्यांकडे. वडील नव्हते, सख्खा भाऊ नाही, म्हणून कन्यादानाला काका-काकी बसले. हळद काकीने लावली, ओटी काकीने भरली. आई मागच्या खोलीत नारळ सोलत होती. मी तिला बोलवायला गेले तर म्हणाली, "जा गो, बाहेर जा. आज काकीच तुजी आय हाय." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला कुंकू लावताना काकीचं बोट हललं. माझ्या सगळ्या लग्नाच्या फोटोंत ते कुंकू नाकाकडे ओघळलेलं दिसतं. पाहुण्यांना वाटलं उन्हाने. मला वाटतं ती त्या क्षणी मागच्या खोलीचा विचार करत होती, आणि मागच्या खोलीत आईला तिचाच विचार आला असेल. पण त्या दोघींच्या मधे मांडवभर माणसं होती.

आई कधीमधी दुकानात यायची. मी सुट्ट्या टिकल्या रंगांप्रमाणे लावत बसले की ती मदत करायची, बोटाला चिकटलेली टिकली झटकून टाकायची. एकदा मी तिच्या हातावर एक पाकीट ठेवलं. म्हटलं, आता सगळ्या लावतात, तू लाव. तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि जागेवर ठेवलं. "लहानपनापास्नं लावत व्हते," ती म्हणाली. "तुज्या बापानं दिल्यालं नव्हतंच ते. मंग त्याच्यासंगती कसं गेलं, काय ठाव." एवढंच. मग ती पुढचे रंग लावायला लागली.

चारेक वर्षांपूर्वी संक्रांतीला वाडीतल्या बचत गटाने सगळ्यांचं हळदीकुंकू ठेवलं. बोलावताना मुद्दाम सांगितलं होतं की सगळ्या बायकांनी यायचं, नवरा असलेल्या-नसलेल्या. मी त्यासाठी वाण म्हणून दुकानातल्या फण्या घेऊन गेले होते. आई आली, मागच्या रांगेत बसली. काकीही होती. गटातली एक नवी सून करंडा घेऊन रांगेतून येत होती. आईपाशी आल्यावर ती अडखळली. बोट कुंकवात बुडवलेलं, पण पुढे होईना. तिने काकीकडे पाहिलं, मोठी जाणती बाई म्हणून, आणि करंडा तिच्यापुढे धरला. "काकी, तुम्ही लावा ना."

काकीने करंडा हातात घेतला. आईने हनुवटी वर केली नाही, पण ती सरळ बसली, आणि थांबली. काकीच्या कपाळावर घाम आला. तिने बोट कुंकवाला लावलं आणि मग तो करंडा खाली ठेवला. "मला घेरी येती," असं काहीतरी पुटपुटत ती उठली आणि घरी गेली.

"राहू दे गो," आई त्या सुनेला म्हणाली. "तिलगूल दे."

मला त्या दिवशी काकीचा फार राग आला होता. रूढी सोडवत नाही, एवढाच अर्थ मी लावला. आईला तसं म्हणालेही. आई म्हणाली, "तसं नाय ते."

दोन वर्षांपूर्वी काका गेला. दम्याने बरेच दिवस अंथरुणाला होता, त्यामुळे आम्ही सगळे तयारीत होतो असं वाटत होतं. मी महाडहून पोहोचले तेव्हा कल्याणला नोकरीला असलेला काकीचा मुलगा अजून यायचा होता. पडवीत काकी बसली होती, भोवती बायका. जुनी म्हातारी केव्हाच गेली होती. भावकीत आता विधवांमध्ये मोठी माझी आई. कुणीतरी म्हणालं, "बाय, तुलाच करायला लागंल आता."

आई कुडापलीकडून आली. काकीचं कपाळ भरलेलं होतं. काकीने आईला येताना पाहिलं आणि आपण होऊन डोळे मिटले. तिची मान वर झाली नाही, खाली गेली. ती वाट बघत होती.

आई तिच्याशेजारी बसली. तिने काकीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी पुसनार नाय. आन् दुसऱ्या कुनी बी हिच्या कपालाला हात लावायचा नाय."

"अगं पन रीत हाय ना," एक बाई म्हणाली.

"असंल."

"लोक काय म्हनतील?"

"मला म्हनूं देत. मी बसल्ये हितं."

आणि ती खरंच बसून राहिली. बांगड्यांना कुणी हात लावला नाही. मुलगा पोहोचल्यावर काकाला उचलून नेलं, तेव्हा काकी दारापर्यंत गेली, कपाळावर कुंकू तसंच. मला इतकं भरून आलं की काका गेल्याचं दुःख त्यात कुठेतरी मागे पडलं. मी मनात म्हटलं, झालं, सुटलं एकदाचं.

पुरुष माणसं नदीवरून परत यायच्या आधी बायका आळीपाळीने अंघोळीला गेल्या. काकी मोरीत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचं कपाळ उघडं होतं. नारळाच्या काथ्याने घासलं होतं तिने. मधली कातडी सोलवटून लाल झाली होती.

आई तिच्याकडे बघत राहिली. "हे काय केलंस गो?"

"तुजं म्या पुसलं," काकी म्हणाली. "आन् माजं ठेवूं? कुठल्या तोंडानं?"

"मी कदी बोलले तुला?"

"नाय बोललीस. त्येच तर. बोलली असतीस तर बरं झालं असतं."

आई काहीतरी बोलायला गेली. तेवढ्यात अंगणात माणसं आली, कुणी पाणी मागितलं, कुणी कडुनिंबाचा पाला. काकीचा मुलगा आला आणि तिच्या गळ्यात पडला. ते बोलणं राहिलं. तेराव्यानंतर मुलगा काकीला कल्याणला घेऊन गेला. ती जायला तयार नव्हती असं नाही. गाडीत बसताना आईच्या पाया पडली, आईने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि गाडी पोलादपूरकडे निघाली.

पुढे मी माहेरी गेले तेव्हा आई तांदूळ पाखडत होती. कुडापलीकडे आता आवाज नव्हता. मी सहज म्हटलं, "काकीने इतकी वर्षं मनाला लावून घेतलं."

आईने सूप खाली ठेवलं. "तिला वाटतं मी फसले. वाटतं, मी रोजच्यासारकी मान वर केली, आन् तिनं पुसलं."

"मग?"

"मला ठाव व्हतं गो ती कशाला आली ती. येवढं कलत नव्हतं काय मला? म्हनून तर मान वर केली. त्या म्हातारीचा हात नको व्हता मला. कुनी तरी पुसनारच, मंग हिनं पुसूं दे. हिचा हात चालनार व्हता."

मी विचारलं, "हे तू काकीला कधी सांगितलंस का?"

"नाय."

"का नाही?"

आईने सूप पुन्हा हातात घेतलं. "ती इषय काढील, मंग सांगीन, असं वाटायचं. तिला वाटत असंल मी काढीन. मंग चुली येगल्या झाल्या."

पुढच्याच आठवड्यात मी दुकान नवऱ्यावर सोडलं आणि आईला घेऊन कल्याणला गेले. काकीच्या मुलाचं घर चौथ्या मजल्यावर. काकी खिडकीजवळच्या पलंगावर बसली होती, बारीक झालेली, कपाळावर अजून पुसट डाग. सून आम्हाला चहा देऊन कामाला गेली. आई गावच्या गोष्टी सांगत राहिली. मग एकदम, काही प्रस्तावना न करता, तिने ते सांगितलं. जसं मला सांगितलं होतं तसंच, तेवढ्याच शब्दांत.

काकी ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण चेहरा हलला नाही.

"मंग तवाच का नाय बोललीस?"

"तू बी नाय इचारलंस."

"मी तुज्या तोंडाकडं बगायची नाय बाय. दारावरनं जाताना खाली बगून जायची. मला वाटायचं, हिनं माज्यावर इस्वास ठेवला, आन् म्या..."

"ठाव हाय मला," आई म्हणाली.

"ठाव व्हतं, आन् बगत बसलीस?"

ते ती चिडून म्हणाली. खरंच चिडून. मग काकीनेच आईचा हात धरला. दोघी तशाच बसल्या. मी पर्समधून आणलेली टिकल्यांची दोन पाकिटं काढून पलंगावर ठेवली. मला वाटलं होतं, आता ती वेळ आली आहे.

काकीने एक पाकीट उचललं, त्यावरच्या बाईचा फोटो पाहिला, परत ठेवलं. "नको गो पोरी. आता कुनासाटी आन् कशाला. मोडली सवय."

आई म्हणाली, "ऱ्हाव दे."

ती पाकिटं मी सुनेला दिली.

परत येताना बसमध्ये आई खिडकीशी बसली होती. माणगाव गेल्यावर म्हणाली, "कुडाला भोक पाडून सांगितलं असतं तरी चाललं असतं." मग डोळे मिटून बसली. झोपली नव्हती.

आता दर रविवारी त्यांचा फोन होतो. फोन मीच लावून देते, सकाळी, दुकान उघडायच्या आधी, वाडीत आई आणि कल्याणला काकी, दोघींना एकाच कॉलवर जोडून. आई विचारते, गुडघा कसा हाय, पानी येतं का वर. काकी विचारते, भाताची आवण लावून झाली का, म्हैस आटली का, पलीकडच्या छपराचं कौल सरकलंय ते कुणी बघितलं का. दोघींनाही आता कमी ऐकू येतं, त्यामुळे दोघी ओरडतात. मधे कुडाची भिंत होती तेव्हा नुसतं कुजबुजलं असतं तरी पलीकडे ऐकू गेलं असतं.